दुधाच्या लॉगमधून फॅट काढताना : नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ च्या नोंदी

काम एका दूध संघाचं आहे, नाव घेत नाही. संघाची दोनशेच्या वर संकलन केंद्रं. प्रत्येक ठिकाणी वजनकाटा आणि फॅट-एसएनएफ (दुधातला स्निग्धांश आणि तो सोडून उरलेले घन पदार्थ) काढणारं मशीन एका पीसीला जोडलेलं. सभासदानं दूध ओतलं की नोंद आमच्या सर्व्हरवर येते, दरपत्रकातून दर लागतो, पावती निघते. ॲप जावातलं, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कच्या २.७ आवृत्तीवर. लॉग, म्हणजे ॲप चालताना लिहीत जातं त्या ओळींच्या फाइली, फाइलबीट उचलतं, ओळी फोडायला लॉगस्टॅशकडं देतं, तिथून साठवायला इलॅस्टिकसर्च आणि बघायला किबाना. लॉगच्या ओळी मूळ इंग्रजीत आहेत, इथं देवनागरीत उतरवल्यात.

४ नोव्हेंबर, सोमवार

काल भाऊबीज झाली. दर फरक वाटून संघाची माणसं मोकळी झाली आणि लगेच आमच्याकडं वळली. तक्रार जुनीच: काही केंद्रांवर पावती निघत नाही, सभासद रांगेत ताटकळतात. किती केंद्रांवर, किती वेळा, कुठल्या वेळेला? कुणालाच सांगता येत नाही. आत्तापर्यंतची पद्धत म्हणजे फोन आला की सर्व्हरवर जायचं आणि ग्रेप मारायचा, म्हणजे फाइलीत शब्द शोधायचा.

ओळी किबानात येतायत, पण अख्खी ओळ 'मेसेज' नावाच्या एकाच खान्यात. अशी:

२०२४-११-०४ ०६:४२:१७,३३८ [पूल-३] इन्फो  संकलनसेवा - कलेक्शन सेव्ह्ड केंद्र=११७ सभासद=१०४२ लिटर=७.४ फॅट=४.१ एसएनएफ=८.५ रक्कम=रु.२५५.३० वेळ=४१२

शेवटचा आकडा मिलिसेकंदांचा. यातून केंद्र, सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम, वेळ आणि निकाल असे आठ खाने वेगळे करायचे. साहेबांना चार दिवस सांगितलेत. पुष्टकाळ सुरू होतोय, दूध वाढणार, त्याआधी उरकायचं.

५ नोव्हेंबर

आज एकही पॅटर्न लिहिला नाही आणि अख्ख्या कामातला हाच दिवस सगळ्यात कारणी लागला असं वाटतंय. कालची पूर्ण फाइल घेतली, सेड या कमांडनं प्रत्येक आकड्याच्या जागी # घातलं, मग सॉर्ट, युनिक आणि मोजदाद. आकडे गेले की ओळींचे साचे उरतात.

साचे निघाले ६१. त्यातल्या वरच्या ९ साच्यांत शंभरातल्या ९४ ओळी बसतात. पण 'नोंद झाली' हे सांगणाऱ्या ओळीचेच तीन साचे! तीन वर्षांत तीन जणांनी ते ॲप हाताळलं, प्रत्येकानं आपापल्या इंग्रजीत लिहिलं. एकात 'कलेक्शन सेव्ह्ड', दुसऱ्यात 'कलेक्शन एंट्री सेव्ह्ड', तिसऱ्यात 'कलेक्शन इज सेव्ह्ड'. तिसऱ्यात लिटरऐवजी 'क्वांटिटी'.

यादी काढून टेबलाशेजारी चिकटवली.

६ नोव्हेंबर

ग्रोक लिहिला, म्हणजे ओळीतून खाने वेगळे काढणारा लॉगस्टॅशचा पॅटर्न. किबानाच्या डेव्ह टूल्समध्ये ग्रोक डीबगर आहे, त्यात ओळ चिकटवायची, पॅटर्न लिहायचा, खाली निकाल दिसतो. दहा मिनिटांत हिरवं. लाइव्हला टाकलं आणि शंभरातल्या ३१ ओळींवर 'ग्रोकपार्सफेल्युअर'चा शिक्का, म्हणजे पॅटर्न जुळलाच नाही.

दोन तास पॅटर्नच्या शेपटाकडं बघत होतो आणि चूक डोक्याशी होती. वरच्या नमुन्यात 'इन्फो'पुढं दोन स्पेस आहेत, दिसल्या का? लॉगबॅकमध्ये, म्हणजे जावात लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत, लेव्हलला (इन्फो, वॉर्न, एरर) पाच अक्षरांची जागा ठरवून दिलीय. इंग्रजीत 'एरर' पाच अक्षरांचं, त्याच्यापुढं एक स्पेस. 'इन्फो' आणि 'वॉर्न' चार-चार अक्षरांचे, त्यांच्यापुढं दोन. मी डीबगरमध्ये चाचणीला घेतलेल्या ओळी एररच्या, कारण तक्रारी एररच्या. स्पेसच्या जागी 'एक किंवा जास्त' असं लिहिलं, शिक्के ३१ वरून ६ वर आले.

चाचणीसाठी कालच्या ६१ साच्यांतली एकेक ओळ काढून वेगळी फाइल केली. आता कुठलाही बदल आधी या फाइलीवर.

८ नोव्हेंबर

उरलेले शिक्के बहुतेक स्टॅक ट्रेसचे, म्हणजे कोड कुठं अडला ते सांगणाऱ्या ओळींच्या चळतीचे. जावाचा एक एक्सेप्शन म्हणजे चाळीस-पन्नास ओळी आणि प्रत्येक ओळ किबानात स्वतंत्र नोंद होऊन बसलेली.

या ओळी जोडायचं काम मी आधी लॉगस्टॅशमध्ये केलं, मल्टिलाइन कोडेक लावून. ते चुकलं. तिथं पोचेपर्यंत दोन सर्व्हरचे प्रवाह एकत्र येतात, आणि एका सर्व्हरच्या एररची शेपटी दुसऱ्याच्या नोंदीला चिकटली. केंद्र ११७ च्या नोंदीखाली केंद्र ४० चा डेटाबेस एरर! जोडणी उगमापाशी, म्हणजे फाइलबीटमध्येच करायची. बीट्स इनपुटच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलंय. मी नंतर वाचलं.

फाइलबीटमध्येही अर्धा दिवस घालवला. जुन्या 'लॉग' इनपुटची मल्टिलाइनची सेटिंग्ज मी 'फाइलस्ट्रीम' इनपुटखाली जशीच्या तशी ठेवली. चालू झालं, तक्रार नाही, परिणामही नाही. फाइलस्ट्रीममध्ये ती 'पार्सर्स'च्या आत टाकावी लागतात. नियम साधा: तारखेनं सुरू न होणारी ओळ आधीच्या ओळीला जोड. डिफॉल्ट मर्यादा ५०० ओळींची, आमचे ट्रेस त्यात बसतात.

चार दिवसांचं काम पाचव्या दिवशी निम्मंही नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी ६:५० ला किबाना उघडला, गेल्या पंधरा मिनिटांत काहीच नाही. केंद्रांवर रांगा लागलेल्या असणार, आणि इथं शुकशुकाट. फाइलबीट चालू, लॉगस्टॅश चालू. रीस्टार्ट केलं, पुन्हा केलं. दुपारी संघातल्या संकलन अधिकाऱ्यांचा फोन: "अहो, तुमच्या तक्त्यात बाराला दूध दिसतंय. दुपारी बाराला दूध कोण घालतं?"

साडेपाच तास. ॲप भारतीय वेळ लिहितं पण कुठल्या देशाची ते लिहीत नाही. आमचा लॉगस्टॅश कंटेनरमध्ये, त्याचं घड्याळ यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ. त्यानं ६:४२ हे यूटीसी समजून घेतलं, किबानानं त्यात साडेपाच तास मिळवून १२:१२ दाखवलं. म्हणजे सकाळचं दूध सकाळी भविष्यकाळात होतं.

डेट फिल्टरमध्ये 'एशिया/कोलकाता' ही एक ओळ वाढवली. गेल्या आठवड्यात मेसेजमधली वेळ मी काढतच नव्हतो, नोंद पोचल्याची वेळ चालत होती, म्हणून हे दडून राहिलं.

१२ आणि १३ नोव्हेंबर

चुकीच्या वेळांच्या नोंदी पुसून सगळं पुन्हा भरायचं ठरवलं. फाइलबीट कुठवर वाचलंय ते एका रजिस्ट्रीत ठेवतं; ती उडवली की फाइली पहिल्यापासून वाचतो. उडवली. पण पुसताना दोन दिवसांचे इंडेक्स (इलॅस्टिकसर्चमधले नोंदींचे गठ्ठे, रोजचा एक) माझ्याकडून राहिले, त्यामुळं त्या दोन दिवसांचं दूध दुप्पट. संघाला एवढं आनंदाचं काही वर्षांत दिसलं नसेल.

उपाय: प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून ठरणारा क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच ओळ परत आली तर जुन्या नोंदीवरच बसेल. लॉगस्टॅशमध्ये फिंगरप्रिंट फिल्टर आहे. त्याला तीन गोष्टी दिल्या: सर्व्हरचं नाव, अख्खी ओळ, आणि फाइलीतलं ओळीचं ठिकाण, म्हणजे ऑफसेट.

दुसऱ्या दिवशी दुप्पट गेलं आणि दूध साधारण पाचव्या हिश्शानं कमी झालं.

'कॉन्कॅटिनेट सोर्सेस' हे सेटिंग चालू केल्याशिवाय फिंगरप्रिंट तिन्ही गोष्टी एकत्र करत नाही. शेवटच्या एकट्या गोष्टीचाच ठसा उरतो. माझी शेवटची गोष्ट ऑफसेट. आमच्या फाइली तासातासाला बदलतात, सर्व्हर दोन. म्हणजे दिवसाला ४८ फाइली आणि प्रत्येकीचे ऑफसेट शून्यापासून. एकीतली नोंद दुसरीतल्या नोंदीवर बसत गेली. कुठं एरर नाही, कुठं शिक्का नाही. किबानातली एकूण संख्या मी फाइलीतल्या ओळींशी ताडून बघितली म्हणून कळलं, आणि ताडून बघितली तीसुद्धा दुप्पटीचा धसका बसला होता म्हणून.

सेटिंग चालू केलं, तिसऱ्यांदा भरलं. दोन दिवस गेले.

१४ नोव्हेंबर

सगळ्या रकमा शून्य.

रकमेच्या आधी 'रु.' आहे. म्यूटेट फिल्टरमध्ये आधी जीसबनं 'रु.' काढायचं, मग कन्व्हर्टनं आकडा करायचा, असं मी एकाखाली एक लिहिलं होतं. पण एकाच म्यूटेटच्या आतल्या गोष्टी तुम्ही लिहिलेल्या क्रमानं चालत नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात कन्व्हर्ट जीसबच्या आधी येतं. 'रु.२५५.३०' चा आकडा करायला गेलं की सुरुवातीला अक्षर दिसतं, आणि निकाल ०.०. दोन वेगळे म्यूटेट केले की सुटलं. वीस मिनिटांचं काम, शोधायला तीन तास.

१८ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो, कारण याची लाज वाटते.

शुक्रवारी पहिला पक्का तक्ता संघाला पाठवला होता. केंद्रवार नोंदी, केंद्रवार अपयश. अपयशाचा रकाना जवळजवळ रिकामा, सगळीकडं हिरवं. मेलमध्ये मी असंही लिहिलं की पावतीची अडचण बहुधा प्रिंटरची असावी.

आज सकाळी संकलन अधिकाऱ्यांचा फोन. चिडलेले नव्हते, उलट हसत होते. "साहेब, तुमचा तक्ता झकास आहे. पण माझ्याकडं सकाळपासून चौदा सचिवांचे फोन आलेत, त्यातली नऊ केंद्रं तुमच्याकडं हिरवी आहेत."

'नोंद झाली'चे तीन साचे होते ना, तिन्ही एकाच पॅटर्नमध्ये बसावेत म्हणून मी 'कलेक्शन', मग काहीही, मग 'सेव्ह्ड' असं लिहिलं होतं. आणि अपयशाची ओळ अशी आहे:

कलेक्शन नॉट सेव्ह्ड केंद्र=११७ सभासद=८८ कारण=मशीन टाइमआउट

'काहीही'त 'नॉट' बसतं. मी प्रत्येक अपयश यशात मोजलं होतं. अपयशाचा खरा पॅटर्न खाली लिहिलेला होता, पण ग्रोक यादीतला पहिला जुळला की थांबतो, खालच्याला पाळीच येत नाही. लिटर-फॅट त्या ओळीत नव्हते, पण ते खाने मी ऐच्छिक ठेवले होते. का? तर शिक्क्यांची संख्या कमी दिसावी म्हणून! सहावरून दोनवर आणल्याचा कोण आनंद झाला होता.

जी ओळ जुळत नाही तिच्यावर शिक्का बसतो, ती निदान दिसते. जी चुकीची जुळते ती गुपचूप बेरजेत जाऊन बसते. आठवडाभर मी शिक्क्यांच्या मागं धावत होतो आणि घाण दुसरीकडं होती.

आजचे बदल: तीन साच्यांना तीन वेगळे पॅटर्न, मधे 'काहीही' कुठंच नाही. लिटर, फॅट, एसएनएफ सक्तीचे. चाचणीच्या फाइलीत आता प्रत्येक ओळीसमोर अपेक्षित निकालही लिहिला; नुसतं जुळलं एवढं पुरत नाही. शिक्के वाढून ४ झाले. राहू देत.

संघाला दुरुस्तीचा मेल टाकला. प्रिंटरबद्दलचं वाक्य मागं घेतलं.

१९ नोव्हेंबर

काही ओळींत शेवटी 'शेरा' असतो, केंद्रावरचा माणूस हवं ते टाइप करतो. 'नाव=किंमत' अशा जोड्या वेगळ्या करायला मी तिथं केव्ही फिल्टर लावला होता. एका शेऱ्यात 'फॅट=कमी दाखवतंय' असं आलं. केव्हीनं ते फॅटच्याच खान्यात घातलं, खान्यात दोन किमती झाल्या, ४.१ आणि 'कमी'. इलॅस्टिकसर्चनं आकड्याच्या खान्यात शब्द आला म्हणून अख्खी नोंदच नाकारली. लॉगस्टॅश अशी नोंद इशारा लिहून टाकून देतो. अशा नाकारलेल्या नोंदी बाजूला साठवणारा डेड लेटर क्यू डिफॉल्टनं बंद असतो. चालू केला. केव्हीला नेमके कुठले खाने घ्यायचे त्याची यादी दिली आणि शेरा आधीच बाजूला काढला.

जाता जाता: काही ओळींत सभासदाचा मोबाइल नंबर आणि बँक खातं पूर्ण छापलेलं सापडलं. शेवटचे चार आकडे ठेवून बाकी फुल्या मारल्या. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं होतं.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

गाई-म्हशींना मतदानाची सुट्टी नसते. मत देऊन घरी आलो, जेवलो, संध्याकाळी सव्वासातला मेसेज: किबाना ४० मिनिटं मागं. लॉगस्टॅशचा सीपीयू शंभरावर.

कालच्या-परवाच्या बदलांनी पॅटर्न झाले होते १४, एकाखाली एक, आणि कशाच्याही सुरुवातीला ^ (ओळीच्या सुरुवातीची खूण) नाही. ^ नसलं की ग्रोक ओळीच्या पहिल्या अक्षरापासून जुळवून बघतो, नाही जमलं तर दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून. जुळणारी ओळ स्वस्तात सुटते. न जुळणारी सगळ्यात महाग, आणि लांबलचक स्टॅक ट्रेस असेल तर विचारू नका.

रात्री बसून दोन गोष्टी केल्या. सगळ्या पॅटर्नना ^ लावला. आणि ओळीचं डोकं, म्हणजे वेळ, थ्रेड, लेव्हल, क्लासचं नाव, हे ग्रोककडून काढून डिसेक्टला दिलं. डिसेक्ट ग्रोकसारखे रेगेक्स (अक्षरांचे पॅटर्न) वापरत नाही, नुसत्या खुणांवर तुकडे पाडतो. इन्फोपुढच्या जादा स्पेससाठी त्यात बाणाची खूण आहे. मग क्लासच्या नावावरून फाटे: संकलनसेवेच्या ओळींनाच संकलनाचे पॅटर्न, बाकीच्यांनी तिकडं फिरकायचंच नाही. सीपीयू ३५ च्या आसपास आला. मधल्या ४० मिनिटांतलं काही हरवलं नाही, फाइलबीट थांबून राहतो आणि नंतर देतो.

याआधीच घाबरून एक जादा सर्व्हर घेतला होता, महिना ३,२०० रुपये. तो महिना भरला, मग सोडला.

२५ नोव्हेंबर

सकाळी ६:४५. बारा केंद्रांवर नोंदी शून्य. यावेळी घड्याळ बघितलं, ठीक. डेड लेटर बघितला, रिकामा. शिक्के मात्र भराभर चढतायत. अधिकाऱ्यांना फोन लावला, तर केंद्रं व्यवस्थित चालू, पावत्या निघतायत.

शनिवारी ॲपची नवी आवृत्ती त्या बारा केंद्रांसाठी चालू झाली होती. डेव्हलपर पोरगा चांगला आहे, विचारलं तर म्हणाला, "दादा, मी फक्त 'सेव्ह्ड'चं 'स्टोअर्ड' केलं. मेसेज सगळीकडं सारखे करत होतो. लॉग कोण वाचतंय असं वाटलं."

रागावणार कुणावर? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या शब्दावर तक्ता उभा आहे. मीही नाही. माझ्या १४ पॅटर्नबद्दल माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. निदान आज शिक्के बसले. पॅटर्न आठवड्यापूर्वीसारखा सैल असता तर 'स्टोअर्ड'ही कुठंतरी जाऊन बसलं असतं.

दुपारी आम्ही दोघं बसलो. मी विचारलं, फॅट तुझ्याकडं कोडमध्ये वेगळ्या व्हेरिएबलमध्येच असतं ना? तो म्हणाला, असतं की. म्हणजे तो सुटी किंमत घेऊन वाक्यात घालतोय आणि मी तीन आठवडे वाक्य फोडून तीच किंमत बाहेर काढतोय. ठरलं: संकलनाच्या ओळी ॲपनंच जेसनमध्ये, म्हणजे प्रत्येक किमतीला तिच्या खान्याचं नाव लावून, लिहायच्या.

२ डिसेंबर

स्प्रिंग बूट ३.४ गेल्याच महिन्यात आलं आणि त्यात अशा लॉगची सोय आतच दिलीय. आम्ही २.७ वर, तिकडं जायला वर्ष लागेल. लॉगबॅकसाठी जेसन एन्कोडरची वेगळी लायब्ररी मिळते, ती घातली. केंद्र, सभासद, लिटर, फॅट सगळं सुट्या खान्यांत. पोराला दीड दिवस लागला.

माझ्याकडं लगेच एक आपटी. ॲपच्या जेसनमध्ये 'होस्ट' नावाचा खाना, साधा शब्द. फाइलबीटचाही 'होस्ट' नावाचा खाना, पण त्याच्या पोटात आणखी खाने. इलॅस्टिकसर्चला एकाच नावाचे दोन प्रकार चालत नाहीत, नोंदी नाकारल्या. डेड लेटर चालू होता म्हणून सगळ्या परत मिळाल्या. जेसन फिल्टरला टार्गेट दिलं, ॲपचे सगळे खाने आता 'ॲप'च्या पोटात.

डिस्क मात्र वाढली. रोज १४ जीबी होती, आता १९. प्रत्येक ओळीत खान्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात, वर मूळ मेसेजही ठेवलाय. महिनाभरानं मूळ मेसेज काढीन म्हणतो.

५ डिसेंबर

जेसन आलं, आता चुकायला काही उरलं नाही असं काल जेवताना म्हणालो होतो.

केंद्र ६३ ची आजची सरासरी गाईची फॅट ३.४. अधिकारी म्हणतात रजिस्टरला ३.९ आहे. एकेक नोंद उघडून बघितली: ४.१, ३.८, ४.३, ३.९ अशा. हातानं सगळ्या नोंदींची सरासरी काढली, ३.९. किबाना ३.४ वर ठाम. कालच्या तारखेला बघितलं, तिथं बरोबर.

मग फॅटचा आलेख काढला. आजच्या दिवसात फक्त पूर्णांकावर खांब: ३, ४, ६, ७. मधे काहीच नाही.

खाना कुठल्या प्रकारचा ते आपण सांगितलं नाही तर इलॅस्टिकसर्च इंडेक्समधल्या पहिल्या नोंदीवरून ठरवतो. आमचा इंडेक्स रोज नवा. लॉगस्टॅश त्याची तारीख यूटीसीनं काढतो, म्हणजे तो आपल्या पहाटे साडेपाचला जन्मतो, नेमका पहिल्या दुधाच्या वेळी. बहुतेक मशीन '४.०' पाठवतात, एका बनावटीचं मशीन नुसतं '४' पाठवतं, आणि ॲप जसं आलं तसं लिहितं. आज पहिलं दूध तसल्या मशीनवर ओतलं गेलं. इलॅस्टिकसर्चनं ठरवलं, फॅट म्हणजे पूर्णांक. त्यानंतर दिवसभर ४.१ आलं की तक्रार न करता हिशेबासाठी ४ धरलं. उघडून बघितलेल्या नोंदीत मात्र ४.१ च दिसतं, कारण मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवलेला असतो.

म्हणजे महिन्याची फॅट बरोबर येणार की चूक, हे रोज पहाटे कुणाची म्हैस आधी पिळली जाते यावर.

ग्रोकमध्ये मी फॅटला फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, सांगून ठेवलं होतं. जेसनकडं जाताना ते सुटलं, कारण वाटलं की आता आकडा आकडा म्हणूनच येतोय. इंडेक्स टेम्प्लेट केलं, आठही खान्यांचे प्रकार लिहून टाकले, अनोळखी खाने आपोआप जोडू नयेत असंही सांगितलं. आजचा इंडेक्स नव्यानं भरला. केंद्र ६३: ३.९.

९ डिसेंबर

आता रोज दोन वेळा, सकाळचं संकलन संपलं की ९ ला आणि रात्री ९ ला, एक छोटी स्क्रिप्ट चालते. डेटाबेसमध्ये त्या पाळीच्या नोंदी किती आणि लिटरची बेरीज किती, किबानाकडं किती. दोन्ही आकडे आणि फरक मला मेलवर. शिक्क्यांचा आकडा त्याच्या खाली, बारीक अक्षरात. ही स्क्रिप्ट चाळीस ओळींची आहे. ६ नोव्हेंबरला लिहिली असती तर ऑफसेटचा घोळ त्याच दिवशी कळला असता. 'नॉट सेव्ह्ड'ही. फॅटच्या वेळी उपयोग झाला नसता, म्हणून आज फॅटची सरासरीही त्यात घातली.

मूळ प्रश्नाचं उत्तरही आलं, तक्ता बघताक्षणी. अपयशांतली निम्म्याहून जास्त नऊ केंद्रांवर, कारण सगळीकडं 'मशीन टाइमआउट'. नऊच्या नऊ ठिकाणी मशीन आणि पीसीमधे एकाच प्रकारची सिरियल-यूएसबी केबल. संघ केबली बदलतोय.

हिशेब: चार दिवस सांगितले होते, माझे १९ दिवस लागले आणि त्या पोराचे तीन. ग्रोकचे पॅटर्न १४ वरून ३ वर आलेत, जुन्या आवृत्तीवरच्या केंद्रांसाठी.

१३ डिसेंबर

सकाळचा मेल: डेटाबेस १८,४१२, किबाना १८,४११. फरक १. सोडून द्यावं असं वाटलं. दिलं नाही.

७:१२ ला सर्व्हर दोनवरचं ॲप रीस्टार्ट झालं होतं. त्या वेळच्या फाइलीत रीस्टार्टआधीची शेवटची ओळ अर्धी आहे. सभासद आहे, लिटर आहे, मग "फॅट": ३. आणि पुढं नोंदीतलं काही नाही, थेट रीस्टार्टनंतरची पहिली ओळ चिकटलेली. बफरमधली उरलेली अक्षरं फाइलीत उतरायच्या आत प्रोसेस मेली. किबानात ती 'जेसनपार्सफेल्युअर'च्या शिक्क्याखाली पडलीय, खाने रिकामे.

डेटाबेसमध्ये नोंद पूर्ण होती, तरी केंद्रावर फोन लावला. सचिवांनी पावतीची कार्बन कॉपी काढून वाचून दाखवली. "३.८ हाय की. का, काय झालं?"